मिल्टनच्या गाडीचा सेल

मिल्टन हॉफर्टचं दफन उरकलं त्याच आठवड्यात शेरीफच्या माणसांनी त्याचा पिकअप सोडला आणि ओढून आणून एल्डन वॉनरच्या गॅरेजात लावला. गावात गॅरेज तेवढं एकच. शिवाय मिल्टनच्या बायकोनं, आर्लिसनं, फोनवर बजावलं होतं, "एल्डन, गाडी चालू करून दे असं मी म्हणत नाही. ती त्या दिवशी का चालू झाली नाही, तेवढं मला सांग."

उत्तर डकोटात जानेवारीच्या थंडीत गाडी बंद पडते, तेव्हा नुसता खोळंबा होत नाही. मिल्टन वरच्या कुरणात गेला होता, गुरांच्या पाण्यावरचा बर्फ फोडायला. काम आटोपून त्यानं किल्ली फिरवली, आणि गाडीनं हूं की चूं केलं नाही. वादळ चढत होतं. त्या खोलगट रानात फोन लागत नव्हता. अंधार पडेपर्यंत तो गाडीतच थांबला असावा, मग चालत निघाला. सकाळी शोधायला गेलेल्यांना तो तारेच्या कुंपणाला टेकून बसलेला सापडला. एका हातात मोजा नव्हता.

गावानं निकाल लावून टाकलाच होता. आदल्या दिवशी पिकअप आर्लिसनं बाजाराला नेला होता. तिनं दिवे चालू ठेवले असणार, बॅटरी अर्धी उतरली असणार, सकाळी कशीबशी गाडी निघाली आणि रानात जाऊन बॅटरीनं जीव सोडला. हे पहिल्यांदा बोलला मिल्टनचा थोरला भाऊ क्लॅरेन्स, आणि तेही चर्चच्या तळघरात, दफनानंतरच्या जेवणात, हातात सूपचा वाडगा धरून. "नव्याकोऱ्या बॅटरीला काय धाड भरलीय? कुणी दिवे विसरल्याशिवाय ती मरते होय?" आर्लिस पलीकडच्या टेबलाशी लोकांना कॉफी देत होती. तिनं ऐकलं. ओतायची मात्र ती थांबली नाही.

एल्डननं गाडी रात्रभर गॅरेजाच्या उबेत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बॉनेट उघडलं. उघडताक्षणी त्याचा हात थबकला. बॅटरीची दोन्ही टोकं चकचकीत खरवडलेली होती. चाकूनं. गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरीचा बोल्टही सोडून, पुसून, पुन्हा आवळलेला. त्या थंडीत उघड्या हातांनी लोखंड धरायचं म्हणजे कातडी लोखंडालाच चिकटून निघते. आत केबिनमध्ये बियाणं कंपनीची एक टोपी सीटवर पालथी पडली होती. उचलली तर खाली फ्यूजांची ओळ मांडलेली, एकही जळलेला नाही.

म्हणजे मिल्टननं सगळं केलं होतं. आपण जे करणार आहोत तेच, त्याच क्रमानं.

एल्डननं मीटर लावला. बॅटरी भरलेली. दिवे लखलखीत. मिल्टननं ते जपून बंदच ठेवले असणार. किल्ली फिरवली. सेल, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारा स्टार्टर, लागेना, साधा टक् आवाजही येईना. त्यानं फ्यूज जागच्या जागी बसवले, सेलला वीज सोडणारी रिलेची डबी काढून हॉर्नचा रिले तिथं लावून पाहिला. पुन्हा तेच. मग गाडीखाली सरपटत जाऊन स्टार्टरच्या दोन बोल्टांवर जाडजूड स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला. ठिणगी उडाली आणि इंजिन गर्रकन फिरलं. स्टार्टर ठणठणीत होता. मग किल्लीचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत का नव्हता?

वीज पोचते का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प घेऊन तो वायर धरून मागं मागं जात राहिला. वायर गिअरबॉक्सपाशी गेली. तिथं तळहाताएवढा एक स्विच असतो. गाडी गिअरमध्ये नाही अशी त्याची खात्री पटली, की तो सेलला वाट देतो. त्या स्विचात दोन वाटा असतात. गिअरचा दांडा 'पार्क'मध्ये, म्हणजे गाडी उभी करायच्या खाचेत, असला की एक, 'न्यूट्रल'मध्ये असला की दुसरी. पहिल्या वाटेवर लॅम्प लागला नाही.

एल्डन गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, सीटवर बसला. स्टिअरिंगजवळचा दांडा त्यानं दोन खाचा खाली ओढला, न्यूट्रलमध्ये. किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. हीटरचा पंखा घरघरू लागला.

त्यानं घाईघाईनं किल्ली उलटी फिरवली, जणू कुणी ऐकेल. मग नुसताच बसून राहिला. दोन खाचा. वीतभर सुद्धा नाही. गॅरेज उबदार असून त्याची बोटं गार पडली.

हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? बॅटरी बसली नव्हती, म्हणजे दोष तुझा नव्हता, हे सांगायलाच हवं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं सांगावं लागणार, की तुझा नवरा चालू होणाऱ्या गाडीत बसून गारठला. तास दोन तास खपून एल्डननं मनाशी ठरवलं. अर्धं खरं सांगायचं, अर्धं गिळायचं.

चारच्या सुमारास आर्लिस आली. क्लॅरेन्सही तिच्या मागोमाग आत शिरला. दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून आली होती आणि एकमेकांकडे पाहत नव्हती.

"काय मग?" क्लॅरेन्स दारातूनच म्हणाला. "बॅटरीच ना?"

"नाही," एल्डन म्हणाला. "बॅटरी भरलेली आहे. हा बघ मीटर. दिवेबिवे कुणी विसरलेलं नाही."

क्लॅरेन्सनं मीटरवर वाकून पाहिलं. आकडा त्याला कळला असेल-नसेल. "रात्री तू चार्ज केली असशील."

"क्लॅरेन्स, तुझ्या बापाच्या वेळेपासून मी तुमच्या गाड्या बघतोय. खोटं बोलून मला काय मिळणारे?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि एल्डनलाच टोचलं.

"मग झालं तरी काय?"

"स्टार्टर. थंडीनं आतून जाम झाला. असं होतं कधी कधी. कुणाच्याही हातात काही नव्हतं. मी तिथं असतो तरी मला जमलं नसतं."

क्लॅरेन्सनं टोपी काढली, पुन्हा घातली. भावजयीकडे तोंड केलं. "येतो मी," एवढंच पुटपुटून तो निघून गेला.

आर्लिस हलली नाही. ती पिकअपजवळ गेली, चाकूनं खरवडलेली टोकं पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "बसू आत?"

"बस की."

ती चढून बसली. किल्ली लावलेलीच होती. तिनं ती फिरवली. काही नाही. एल्डन म्हणायला गेला, "सांगितलं ना, स्टार्टर..." आणि तेवढ्यात आर्लिसनं सवयीच्या हातानं दांडा दोन खाचा खाली ओढला. पुन्हा किल्ली.

इंजिन सुरू झालं.

बराच वेळ तिनं ते चालूच ठेवलं. एल्डननं धुरासाठी मोठं दार वर सरकवलं, आणि भुरभुरत बर्फ आत आला. शेवटी तिनं गाडी बंद केली.

"तुला ठाऊक होतं," एल्डन म्हणाला.

"ऑक्टोबरात एकदा झालं होतं. दुकानासमोर. माझ्या बापाचा ट्रॅक्टर असाच खोडीचा होता, म्हणून दांडा हलवून बघितला तर झाली चालू." ती समोरच्या काचेकडे पाहत बोलत होती. "घरी येऊन सांगितलं त्याला. तर म्हणाला, तू दांडा नीट वर लोटला नसशील. पुन्हा झालं, पुन्हा सांगितलं. तेव्हा भडकला. म्हणाला, गाडी मला शिकवतेस?"

"मग मला कशाला विचारलंस, आर्लिस?"

"दुसरं काहीतरी निघावं म्हणून. काहीही. स्टार्टर, बॅटरी... माझे दिवे राहिलेले निघाले असते तरी चाललं असतं मला. खरंच सांगते." तिनं नाक पुसलं. "तिथं बसला असताना त्याला माझं बोलणं आठवलं असेल का रे?"

"आठवलं असतं तर दांडा ओढला नसता का?"

आर्लिसनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तू त्याच्याबरोबर एका घरात राहिला नाहीस," ती म्हणाली.

एल्डननं मोठं दार खाली ओढलं. मग त्यानं विचारलं, "क्लॅरेन्सला काय सांगू?"

"सांगितलंस ना. तेच राहू दे."

"त्यानं सगळ्यांदेखत खापर तुझ्यावर फोडलं होतं."

"फोडलं. आता तेही मिटलं." ती खाली उतरली, हातमोजे चढवले. "मिल्टन मूर्खासारखा मेला असं त्याच्या भावानं का म्हणावं? मी म्हणेन. घरात, एकटी. तू तो स्विच बदल. परवा मला गुरांना चारा न्यायचाय."

स्विच बदलायला दुसऱ्या दिवशीची दुपार पुरली. एल्डननं पार्कमध्ये किल्ली फिरवून पाहिली. गाडी चालू झाली, बंद केली, पुन्हा चालू केली. कितीदा, ते त्यानं मोजलं नाही.

तो हात धूत होता तेव्हा क्लॅरेन्स आला.

"तो जुना स्टार्टर कुठंय?"

"कशाला हवाय?"

"बघायचाय मला. फेकला नाहीस ना?"

"थांब," असं म्हणून तो मागच्या शेडमध्ये गेला. भंगारात स्टार्टरांचा ढीग होता. त्यातला जरा बऱ्या आकाराचा, तेलकट, कुणा भलत्याच गाडीचा एक त्यानं उचलला, चिंधीनं पुसला आणि आणून क्लॅरेन्सच्या हातात दिला. क्लॅरेन्सनं तो वजन केल्यासारखा दोन्ही हातांत तोलला.

"एवढासा?"

"एवढासाच असतो."

क्लॅरेन्स तो घेऊन बाहेर गेला. एल्डनला वाटलं, गाडीत ठेवून नेईल. पण क्लॅरेन्सनं तो अंगणातल्या गोठलेल्या जमिनीवर ठेवला, आपल्या ट्रकमधून घण काढला आणि घालायला सुरुवात केली. सत्तरीला आलेला माणूस. दर घावाला तोंडातून वाफ येत होती आणि वाफेबरोबर एक हुंकार. बाहेरचं कवच फुटलं, तांब्याच्या तारांचा गुंता निघाला. तरी तो थांबेना. शेवटी घण हातातून निसटला, तसा तो गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला.

एल्डन खिडकीशी होता. बाहेर जावं असं त्याला वाटलं, आणि गेलो तर खरं बोलून बसू, या भीतीनं तो गेला नाही.

त्या संध्याकाळी क्लॅरेन्स आर्लिसकडे गेला. काय बोलला ते कुणी ऐकलं नाही. पण रविवारी चर्चमध्ये ती त्याच्या शेजारी बसलेली लोकांनी पाहिली, आणि प्रार्थनेनंतर पायरीवर त्यानं तिला हात दिला. एल्डन मागच्या बाकावर होता. तिनं जाता जाता त्याला मान हलवून नमस्कार केला, नेहमीसारखा, आणि पिकअपमध्ये बसून एकटीच घराकडे निघून गेली.