शेवटून चालणारी

हिंदी मुलखातल्या या मराठी मंडळाची गडफेरी एकमार्गी असते, आणि ही युक्ती अपर्णाचीच. बस सगळ्यांना किला गेटला उतरवते आणि रिकामी वळसा घालून पलीकडच्या उरवाई गेटला जाऊन थांबते. चढ चढायचा, वर कड्याच्या काठाकाठाने चालायचं आणि तिकडे उतरायचं. बस डोळ्यांसमोरून निघून गेली, की अर्ध्या वाटेत गुडघे धरून माघारी फिरणाऱ्यांची सोयच उरत नाही. आपली माणसं कशी आहेत, हे अपर्णाला पुरतं ठाऊक होतं.

आज फेरीनंतर खाली नाश्त्याच्या वेळी नवा अध्यक्ष निवडायचा होता. इतकी वर्षं कार्यवाह म्हणून सतरंज्या धुवायला टाकण्यापासून पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यापर्यंत सगळं तिने केलं. अध्यक्ष नुसते हार घालून घ्यायला यायचे. यंदा तो हार तिला हवा होता. पण मंडळाच्या रिवाजात एका घराचं एकच मत, ते घरातल्या पुरुषाने द्यायचं आणि नावही त्यानेच सुचवायचं. तेव्हा भालचंद्रांनी बायकोचं नाव सुचवायचं, असं घरी ठरलं होतं. ठरलं म्हणजे ती बोलली आणि ते पेपरामागून "हो, हो" म्हणाले.

बाकीची घरं तिने चढावरच जमेला धरली. कोणाच्या मुलीचं स्थळ तिने जुळवलेलं, कोणाच्या वडिलांना रक्त मिळवून दिलेलं. महिपतरावांच्या ऑपरेशननंतर तर रोज तिच्या घरून मऊ भाताचा डबा जात होता. ते घर पक्कं.

वर मानमंदिर राजवाड्यापाशी भालचंद्र तिच्याजवळ आले. मंडळातल्या सगळ्यात वयस्कर इंदुताई फार मागे पडताहेत, त्यांच्याबरोबर कोणीतरी जबाबदार हवं, म्हणाले. "तुझ्यासारखं दुसरं आहे कोण?"

लग्न जुनं झालं तरी असल्या वाक्याने ती अजून सुखावायची. ती मागे थांबली.

इंदुताईंना घाई नव्हती. सासबहूच्या देवळामागे, जिथे कडा सरळ खाली तुटतो, तिथे त्यांनी बैठकच मारली. खालच्या गच्च्या दाखवत कोणत्या घरातली सून कोणत्या सणाला माहेरी पळाली, हे त्या सविस्तर सांगत राहिल्या. मग म्हणाल्या, "अध्यक्ष झालीस की पुढच्या वर्षी मला डोलीतून आण."

"आधी होऊ तर द्या."

"नवऱ्याने शब्द दिलाय न?"

"दिलाय."

"मग काय," इंदुताई म्हणाल्या आणि पाण्याची बाटली संपवून सावकाश उठल्या.

उरवाईच्या उतारावर, कड्यात कोरलेल्या उंच मूर्तींपाशी दोघी पोचल्या, तेव्हा खालून टाळ्या ऐकू आल्या. अपर्णाने पाय उचलला.

"नाश्त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही गं," मागून इंदुताई म्हणाल्या.

खाली भालचंद्रांच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि हातात बेडईच्या गरम पुऱ्यांचा द्रोण. तिला पाहताच ते तिला बाजूला घेऊन गेले. ऊन चढत होतं, लोक खोळंबले होते, म्हणून उरकून टाकलं, असं त्यांनी सांगितलं.

"तुझं नाव घेतलं मी. अगदी पहिल्यांदा तेच घेतलं."

"मग?"

"महिपतराव म्हणाले, वहिनी तर सगळं करतातच, अध्यक्ष कोणीही असो. तुम्हीच व्हा. चारचौघांत नाही कसं म्हणायचं?" त्यांनी हार सारखा केला. "शेवटी घरातच आलं न."

"कोणाच्या घरात?"

त्यांनी द्रोण पुढे केला. तिने तो घेतला नाही.

बसमध्ये सगळे बसल्यावर ड्रायव्हरने नेहमीसारखं तिलाच विचारलं, "मॅडम, सब आ गए?"

"अध्यक्षजी से पूछिए," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं.

भालचंद्र उठले. बोटाने डोकी मोजत शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि परत आले. "आपण एकूण किती जण आलो होतो गं?"

आकडा तिच्या ओठांवर होता. ती बोलली नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कोणाची तरी कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, कोई ऊपर छूट गया क्या?" आणि सगळे माना वाकवून कड्याकडे बघू लागले. दोघे शोधायला खाली उतरले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच यांचं आपल्यावाचून अडलेलं तिला दिसत होतं, आणि ते तिला गोड लागत होतं.

मग तिचं लक्ष इंदुताईंकडे गेलं. पुढच्या बाकावर त्यांनी डोळे मिटले होते, चेहरा घामाने निथळत होता, रिकामी बाटली मांडीवर आडवी पडली होती. अपर्णा आणखी थोडी थांबली. मग खिडकीकडेच बघत म्हणाली, "सगळे आहेत. चला."

उतरलेले दोघे परत चढले. बस निघाली.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" मागून महिपतराव म्हणाले. "वहिनी असल्या की अध्यक्षाला काही बघावंच लागत नाही."

सगळी बस हसली. भालचंद्रही हसले, आणि हार चुरगळू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरत तिच्या शेजारी बसायला आले.

"जरा सरक," ते म्हणाले.

ती सरकली.