चौथे यमक

मार्गशीर्षातली सकाळ कृष्णाकाठी पाऊल न वाजवता उतरते. आधी नदीवरचे धुके दुधाळ होते, मग केशरी होते, मग विरत जाते. आणि विरता विरता पलीकडच्या मळ्यांतले उसाचे तुरे दाखवत जाते. शुभ्र तुरे, मऊ तुरे, वाऱ्याच्या एका श्वासाने एकाच दिशेला वाकणारे तुरे.

अलीकडच्या काठावर, घाटाच्या वरच्या अंगाला, कन्याशाळा होती. तिच्या पूर्वेच्या टोकाला रसायनाची प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेत खिडकीशी, काचेच्या पेटीत, एक तराजू. कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने ओढलेल्या रेघेचेही वजन त्याचा काटा सांगे.

त्या तराजूपाशी अनसूयाबाई बसत. मितभाषिणी, स्थिरदृष्टी, निळ्या काठांच्या पांढऱ्या पातळातल्या अनसूयाबाई. दिवसा त्या मुलींना रसायन शिकवत. आणि गावात कुणाकडे लग्न निघाले की त्या घरासाठी मंगलाष्टके लिहीत.

लग्नघरची माणसे नावांची यादी घेऊन येत. आजोबांचे नाव, मामांचे नाव, रुसणाऱ्या आत्याचे नाव. बाई एकेक नाव जिभेवर ठेवून तोलत. लघू किती, गुरू किती. मग त्या नावाला साजेसे यमक शोधत, शेजारचे शब्द हलवत, ओळ मोडून पुन्हा जुळवत. नाव मात्र कधी मोडत नसत.

"ओळ छाटावी," त्या म्हणत. "माणसाचं नाव छाटू नये."

हे त्या कुणामुळे म्हणत, ते गावात कुणाला ठाऊक नव्हते.

•

त्या सकाळी द्वारकाबाई आल्या. धाकट्या लेकीचे, निरुपमेचे, लग्न ठरलेले. हातात यादी, तोंडात आनंद.

"आमच्या वन्संचं नाव पहिल्या कडव्यात घाला हो बाई. दुसऱ्यात गेलं तर पंगतीतून उठून जातील."

"घालते."

"आणि जावई कोण आहेत, ते तरी विचारा. रेडिओवर गाणी लागतात त्यांची. वय थोडं जास्त आहे, पण प्रथमवर. आजवर लग्नच केलं नाही म्हणे, कवितेपायी."

बाईंनी यादी उलगडली. वराचे नाव चंद्रहास.

खिडकीतून आलेले ऊन तराजूच्या पारड्यावर होते. ते तिथेच राहिले. बाईंचे बोट मात्र त्या नावावरून पुढे सरकले नाही.

चंद्रहास. त्याचे पहिले लग्न आठ वर्षांपूर्वी, अकोल्याला, भर वैशाखात झाले होते. वधूचे नाव मालती. मालती अनसूयाबाईंची धाकटी बहीण होती.

•

मालती यमके वेचायची. दुसऱ्या मुली फुले वेचतात तशी. विहिरीवर वेचायची, बाजारात वेचायची, भांडणाऱ्या बायकांच्या तोंडून वेचायची. घरी आली की वहीत लावून ठेवायची, एका शेवटाचे शब्द एका पानावर, वनस्पतिशास्त्राच्या मुली पाने दाबून ठेवतात तितक्या निगुतीने. त्या शब्दांतून ती गाणी विणायची आणि नवऱ्याला वाचून दाखवायची. नवरा ऐकायचा. नवरा लिहून घ्यायचा. नवरा आपल्या नावाने पाठवून द्यायचा.

एका पानावर तिने चार शब्द लावले होते. चालती. हालती. घालती. आणि चौथा, आपल्याच नावाचा, वेलबुट्टी काढून. जुने कवी शेवटच्या ओळीत आपले नाव गुंफत, तसे तिनेही एका गाण्याच्या शेवटी गुंफले होते: 'दारी उभी मालती'.

मग तिला खोकला लागला. मग खोकल्यात रक्त आले. मग नवऱ्याने तिला बहिणीच्या दारात, बाई तेव्हा नोकरीला होत्या त्या दूरच्या गावी, आणून सोडले, टांग्यातून न उतरता. पुन्हा तो आला नाही. पत्राला नाही, आजाराला नाही, अग्नी द्यायलाही नाही.

तिच्या तेराव्याच्या सकाळी शेजारच्या रेडिओवर ते गाणे लागले. चालती आले. हालती आले. घालती आले. अनसूयाबाईंच्या हातातले भांडे हातातच राहिले. त्या चौथ्या ओळीची वाट पाहत होत्या.

'दारी नवी पालवी', गायिका म्हणाली.

नाव छाटले होते. यमक लंगडे झाले होते. आणि त्या लंगड्या यमकासह ते गाणे साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले.

•

संपृक्त द्रावणात एक दोरा सोडावा. भांडे हलवू नये, झाकण काढू नये, वाट पाहावी. दोऱ्यावर आधी काहीच दिसत नाही. मग एक कण दिसतो. मग तो कण आपल्याच आकाराने, आपल्याच कोनांनी, निमूट वाढत जातो. आणि एके दिवशी हाताला टोचेल असा स्फटिक होतो.

अनसूयाबाईंनी सहा वर्षे भांडे हलवले नव्हते.

द्वारकाबाई गेल्यावर त्यांनी वजनांच्या कपाटातून मालतीची वही काढली. ते पान उघडले. चार शब्द, एक वेलबुट्टी, शाई तपकिरी झालेली. मग 'दारी उभी मालती' हे शब्द त्यांनी पुन्हा एकदा तोलले. गुरू, गुरू, लघू, गुरू, गुरू, लघू, गुरू. मंगलाष्टकाच्या ओळीचा शेवटचा तुकडा असाच असतो. एक मात्रा कमी नाही, एक मात्रा जास्त नाही.

जणू तिने ती ओळ तिथेच बसवण्यासाठी घडवली होती.

चार कडव्यांत बाईंनी यादीतली सगळी नावे गुंफली, वन्संचे पहिल्यात. पाचव्या कडव्यात त्यांनी यादीत नसलेले नाव गुंफले.

•

कागद न्यायला निरुपमा स्वतः आली. कधी काळी याच बाकावर बसलेली मुलगी, हातांवर मेंदी अजून ओली असल्यासारखी बोटे फाकवून चालणारी. तिच्यामागे द्वारकाबाई. त्यांनी कागद वाचला, ओठ हलवत, आपल्या माणसांची नावे बोटांवर मोजत.

"ही मालती कोण हो?" त्यांनी आपणच विचारले आणि आपणच उत्तर दिले. "त्यांच्याकडची असेल. त्यांनी घालायला सांगितली असेल."

वधूकडच्यांना अनोळखी नाव वराकडचे वाटते, वराकडच्यांना वधूकडचे. मांडवात जो तो आपलेच नाव तेवढे ऐकतो. हे बाईंना वीस वर्षांच्या मंगलाष्टकांनी शिकवले होते.

आई बाहेर गेली तशी निरुपमा हळूच म्हणाली, "बाई, ह्यांची गाणी मला सगळी पाठ आहेत. एक विचारू? त्या 'पाउले चालती' गाण्यात शेवटचं यमक अडखळतं, नाही? इतकी सुंदर तीन, आणि चौथं असं. मी ह्यांना म्हटलं तर हसले नुसते."

प्रयोगशाळेत नळाचा एक थेंब पडला. मग दुसरा.

आता सांगावे. बाईंच्या ओठांशी शब्द आले. या मुलीने काय केले होते? या मुलीचा कान तर आपणच तयार केलेला.

पण बंद खोलीत सांगितलेले दुःख म्हणजे तक्रार. तक्रारीला तो उत्तर देईल. आजारी होती म्हणेल, वेडसर होती म्हणेल. एक शब्द काढून दुसरा बसवणे त्याला येते. मांडवात, अंतरपाटाशी, पाचशे कानांत पडलेला शब्द त्याला काढता येणार नाही. त्याचे हात तेव्हा माळेने भरलेले असतील.

"तुझा कान चांगला आहे," बाई एवढेच म्हणाल्या. "लग्नातही उघडा ठेव."

मुलगी लाजून हसली. त्या हसण्याकडे बाईंनी पाहिले नाही.

•

गोरज मुहूर्त होता. सूर्य उसाच्या तुऱ्यांत उतरला होता आणि तुरे पेटल्यासारखे झाले होते. गुरे परतत होती. त्यांच्या खुरांची धूळ मांडवाच्या दारात तरंगत होती, सोनेरी, संथ, न बसणारी.

अंतरपाट धरला गेला. पांढरा, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक. अलीकडे रेशमी उपरण्यातला चंद्रहास, पलीकडे निरुपमा. दोघांच्या हातांत माळा. अनसूयाबाई तिसऱ्या रांगेत, मुठीत अक्षता.

निरुपमेची लीलामावशी गाऊ लागली. तिचा आवाज भरदार होता आणि तिला काही ठाऊक नव्हते. पहिल्या कडव्यात वन्सं आल्या आणि प्रसन्न झाल्या. दुसऱ्यात मामा, तिसऱ्यात काका, चौथ्यात चंद्रहासची आई. अक्षता उडत होत्या. पाचवे कडवे सुरू झाले.

"आली आज वधू पहा नटुनिया, ही पाउले चालती…"

चंद्रहासने मान किंचित वर केली. आपले गाणे कुणीतरी कौतुकाने गुंफले, असे वाटून तो हसला.

"दारी तोरण बांधले, पवन ये, पाने सुखे हालती…"

हसू ओठांवर राहिले, डोळ्यांतून गेले.

"दोघे सन्मुख राहुनी हळुच ही माळा गळा घालती…"

यमकाचा न्याय असा असतो. पहिला शब्द येतो तेव्हा कुणाला काही कळत नाही. दुसरा आला की कान वाट पाहू लागतो. तिसऱ्यानंतर चौथा यावाच लागतो. तो ज्याने मारला, त्याच्याही कानात तो आधी येतो, गाणारीच्या ओठांवर नंतर.

चंद्रहासच्या माळेतून एक पाकळी गळली. मग एक. मग एक.

"घेऊनी शुभ अक्षता निजकरी, दारी उभी मालती."

दारी उभी, म्हटल्यावर मांडवाने मान वळवली. साहजिकच वळवली. पाचशे माणसांनी मांडवाच्या दाराकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. तिथे धूळ होती, सोनेरी, संथ, न बसणारी. आणि धुळीमागे पेटलेले तुरे.

मान वळवली नाही ती दोघांनी. चंद्रहासच्या आईने पदर तोंडाशी नेला. आणि चंद्रहास अंतरपाटावरच्या स्वस्तिकाकडे पाहत राहिला, जणू दाराकडे पाहिले तर तिथे खरेच कुणी असेल.

गुरुजींनी 'सावधान' म्हणायला तोंड उघडले. त्याआधी अंतरपाटापलीकडून आवाज आला, हलका, पण गाणे थांबल्याच्या शांततेत मांडवभर पोचणारा.

"मालती तुमच्याकडच्या कोण?"

"कोणी नाही," चंद्रहास म्हणाला. "असंच. यमकासाठी घातलंय कुणीतरी."

"तुमच्या गाण्यात तर हेच बसत नव्हतं." आवाज आता हलका नव्हता. "इथं इतकं नेमकं कसं बसलं?"

शब्द बदलून देणारा तो, त्याला एकही शब्द सापडला नाही.

द्वारकाबाईंनी विहीणबाईंकडे पाहिले. "अहो, मालती तुमचीच ना?" विहीणबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती आनंदाची नव्हती, हे लग्नात आलेल्या शेंबड्या पोरालाही कळले असते.

"गुरुजी," निरुपमा म्हणाली, "अंतरपाट असू द्या."

धरणाऱ्यांचे हात तसेच राहिले.

तिसऱ्या रांगेतून अनसूयाबाई उठल्या. चंद्रहासला त्या आता दिसल्या. सहा वर्षांपूर्वी टांग्यातून दिसल्या होत्या, तेव्हा दारात उभ्या, हात रिकामे; आज मुठीत अक्षता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, तराजूच्या काट्याकडे पाहतात तसे, काटा स्थिर होईपर्यंत. अंतरपाटाच्या कडेशी निरुपमेच्या मुंडावळ्यांची सावली थरथरत होती. तिच्याकडे बघण्याचे धैर्य बाईंना त्या क्षणी झाले नाही. तेवढे एक वजन त्यांच्या हिशेबात बसत नव्हते, आणि ते पुढे कधीच बसणार नव्हते.

मग त्या वळल्या. रांगेतून, माणसांतून, न उडालेल्या अक्षतांतून चालत मांडवाच्या दाराशी गेल्या. रिकाम्या दारात थांबल्या. मूठ उघडली.

पिवळ्या, ओल्या, अखंड अक्षता, तिथे कुणी उभी असती तर तिच्या कपाळाएवढ्या उंचीवरून पडल्या. एकेक करून पडल्या, सोनेरी धुळीतून पडल्या. आणि मातीला लागताना त्यांचा आवाज झाला, बारीक, स्पष्ट, ओळीच्या शेवटी यमक मिटावे तसा.