खाणीतल्या माणसाची दाढ

माझे मामा रहस्यकथांचे वेडे. त्यांच्या ट्रंकेतली पुस्तकं वाचतच मी मोठी झाले आणि, खोटं कशाला बोलू, दातांची डॉक्टरही त्यापायीच झाले. त्या पुस्तकांत प्रेताची ओळख पटेनाशी झाली की कुणीतरी दंतवैद्याला बोलावतं. तो स्वच्छ कोटात येतो, जुन्या कार्डावर नजर टाकतो, ‘तोच हा’ म्हणतो आणि अर्ध्या पानात निघून जातो. कधी खुन्याने दवाखान्यात घुसून कार्डांची अदलाबदल केलेली असते, मग तर विचारूच नका. वास मात्र त्या पुस्तकांत कुठेच नसतो.

मी तेव्हा सरांच्या दवाखान्यात होते. सर म्हणजे मालक. पस्तीस वर्षांची प्रॅक्टिस, कडक इस्त्री, बोटांना सदैव साबणाचा वास. एका सोमवारी दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर फौजदार बसले होते.

“आपले घड्याळवाले आठवतात ना?” सर म्हणाले. “घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं ते. आठ महिन्यांपूर्वी घरातून गेले होते. खाणीच्या पाण्यात बॉडी मिळालीये. मी जाऊन बघितलं, तेच आहेत. त्यांचं शेवटचं काम तू केलं होतंस, म्हणून तुझीही सही लागतेय.”

“मग मी बघून येते.”

“त्यात बघायचं काय? मी बघितलंय ना.”

“बघू द्या की त्यांना,” फौजदार म्हणाले. “रीतसर होईल.”

मी कार्ड घेतलं आणि निघाले. सांगायला लाज वाटते, पण जीपमध्ये बसताना मी खुशीत होते. अगदी हात शिवशिवत होते.

शवागारात सिमेंटचा ओटा, कोपऱ्यात पाण्याचा पाइप आणि खाली गटाराची जाळी होती. तिथल्या कामगाराने बामची डबी पुढे केली. मी नाकाखाली बाम चोपडला, पण काही उपयोग झाला नाही. तो वास नाकाने येतच नव्हता. तो जिभेवर येऊन बसला, गंजक्या चमच्यासारखा. कामगाराने चादर बाजूला केली. चेहरा म्हणावं असं काही उरलं नव्हतं. मी जबडा उघडला. हिरड्या भिजलेल्या कागदासारख्या सुटल्या होत्या आणि समोरचा एक दात माझं बोट लागताच अलगद निसटून जिभेच्या जागी पडला. मी जाळीपाशी जाऊन ओकले. तोंड पुसलं, परत आले, टॉर्च लावला.

खालची उजवी पहिली दाढ जागेवर होती.

मी कार्ड पाहिलं. तीच दाढ मी दोन वर्षांपूर्वी काढली होती. नोंद माझ्याच अक्षरातली. नोंदीची गरजही नव्हती. मूळ मोडलं होतं, मी पाऊण तास झगडत होते आणि घड्याळवाले खुर्चीत पुतळ्यासारखे बसून होते. काढलेली दाढ पुन्हा उगवत नाही.

इथे ती होती. आतून पार पोखरलेली, आणि खड्ड्यात कापसाचा काळा बोळा कोंबलेला. मुळाशी पू होऊन होऊन हाडाला भोक पडलं होतं. बाकीच्या दातांवर कुठल्याही दंतवैद्याचा हात फिरल्याची खूण नव्हती. घड्याळवाल्यांना वर डावीकडे धातूची टोपी होती, तीही नाही.

“आमच्या सरांनी हे बघितलं कसं नाही?” मी मोठ्याने म्हणाले.

“तुमचे सर?” कामगार म्हणाला. “ते दारातूनच माघारी गेले. रुमाल नाकाला लावून. कागद बाहेर गाडीवर ठेवूनच सही केली त्यांनी.”

पुस्तकातला खुनी कार्ड बदलायला निदान खिडकीतून शिरतो, हातमोजे घालतो, कष्ट घेतो. इथे कुणी काहीच केलं नव्हतं. एका माणसाला वास सहन झाला नाही, एवढंच.

दवाखान्यात परतले तेव्हा केबिनमध्ये सर, घड्याळवाल्यांची बायको आणि त्यांचा धाकटा भाऊ बसले होते. सरांनी चहा मागवला होता.

“ते नाहीत,” मी सांगितलं, आणि कारणही सांगितलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. “सडलेल्या तोंडात चूक होऊ शकते. तू घाबरलेली असणार.”

“घाबरले होते. पण तोंड उघडलं होतं.”

मग धाकटा भाऊ म्हणाला, “डॉक्टर, एका दाताने काय होतंय? आठ महिने झाले. दुकानाचे कागद अडलेत. वहिनीला जो तो तेच ते विचारतो. कुणाचं काही नुकसान आहे का यात?”

“तिथे एक माणूस पडलाय,” मी म्हणाले. “तो कोण, ते शोधणं थांबेल.”

“त्याला आता काय फरक पडतो?” हे सर म्हणाले. बशीतल्या चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. मला पुन्हा ओकारी आली आणि या वेळी ती प्रेताची नव्हती.

नवरा जिवंत असू शकतो हे ऐकून वहिनींचा चेहरा उजळायला हवा होता. तो उतरला होता. “मेले असते तर सांगता आलं असतं,” त्या हळूच म्हणाल्या. “निघून गेले, हे कसं सांगायचं लोकांना?” मग स्वतःच्याच बोलण्याने दचकल्या आणि उठून गेल्या.

मी फौजदारांना लेखी अहवाल दिला. सरांनी आपली सही मागे घेतली, ‘प्रकाश कमी होता’ असं कारण लिहून. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी इतके गोड वागू लागले की त्यांचा साबणाचा वास आला तरी माझा घास अडायचा. महिनाभरात मी नोकरी सोडली आणि सरकारी दंत रुग्णालयात लागले.

चार महिन्यांनी मला दुसऱ्या गावातल्या एका दंतवैद्याचा फोन आला. नंबर त्याला जुन्या दवाखान्यातून मिळाला होता. “तुमचा एक जुना पेशंट माझ्याकडे आहे. वरची टोपी निघालीये. जुने एक्स-रे आहेत का? आणि हो, तो म्हणतोय, घरी कळवू नका.”

मी नाव विचारलं. घड्याळवालेच. धडधाकट. तिकडेही घड्याळंच दुरुस्त करत होते. मी फोन फौजदारांना लावला आणि मग स्वतः दुकानात गेले. गल्ल्यामागे वहिनीच बसल्या होत्या. डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाचा पट्टा बसवत होत्या. धाकट्याला त्यांनी दुकानात पाय ठेवू दिला नव्हता.

मी सांगितलं ते त्यांनी भिंग न काढता ऐकलं.

“टोपी निघाली म्हणून फोन,” त्या म्हणाल्या. “दात दुखला तेव्हा आम्ही आठवलो.”

“तुम्हीसुद्धा नाही हो. एक्स-रे आठवले.”

त्यांना हसू आलं आणि तोंडही वाकडं झालं, जणू अन्नात केस सापडला. “तिकडेच राहू दे त्यांना. फौजदारांना सांगा, मला त्यांची भेट घालून द्यायची गरज नाही.” पट्टा बसवून झाला. मग एवढ्या दिवसांत कुणीच विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

“आणि तो खाणीतला? तो कोण होता?”

“अजून कळलं नाही. त्याच्या दातांचा तक्ता मी फौजदारांकडे दिलाय. कुणी विचारायला आलं तर.”

“त्याला दुखत असेल ना फार?”

“फार. झोप लागत नसणार. खाताही येत नसेल. गाल सुजलेला असणार.”

वहिनींनी भिंग काढून ठेवलं. “मग तसं लिहून लावायला हवं. उजवा गाल सुजलेला माणूस. तक्ता कुणाला कळणार आहे? गाल घरच्यांच्या लक्षात राहतो.”

आम्ही तिथेच गल्ल्यावर बसून मजकूर लिहिला. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. खाणीच्या रस्त्यावर, स्टेशनात, आमच्या रुग्णालयाच्या दारात आम्ही तो चिकटवला. अजून कुणी आलेलं नाही. कागद भिजून फाटला की वहिनी नवा लिहून आणतात.