पलंगासकट पुरलेली बाई

लीलावतीबाई जमिनीवर झोपायला लागल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. नवरा गेला त्याच रात्री त्यांनी सतरंजी अंथरली, वर पातळ गादी टाकली आणि आडव्या झाल्या. तेव्हा कुणी काही बोललं नाही. सुतकात माणसं जमिनीवरच झोपतात. पण तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं, दुसरं वर्षही सरलं, तरी बाईंची गादी काही वर चढेना.

वय शहात्तर. गुडघे असे, की उठायचं म्हणजे आधी कुशीवर, मग हातांवर, मग खुर्चीला धरून, असा सगळा कारभार. फेब्रुवारीत खुर्ची सरकली आणि बाई पडल्या. शेजारच्या गुजराती बाईकडे किल्ली होती, ती डबा परत द्यायला आली म्हणून कळलं. मग ग्लासगोहून मुलगा आला, मोहन. कौन्सिलची बाई आली. तिनं टेप काढून बाईंचं टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि बेड किती उंच हवा ते कागदावर लिहून दिलं.

"शिंपी निदान ब्लाउज तरी शिवून देतो," लीलावतीबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

जाताना मोहननं स्पष्टच सांगितलं. "आई, महिनाअखेरपर्यंत बेड घे. नाहीतर हे घर बंद करू आणि तू ग्लासगोला चल."

"तिथे सूर्य परवानगी काढून उगवतो. मी नाही येणार."

"मग बेड घे."

"नको."

"का पण?"

का, ते बाई सांगेनात. लंडनच्या कडेला, पिनरच्या त्या घरात त्यांनी एकेचाळीस वर्षं काढली होती. चौथी शिकलेली बाई, शाळेच्या किचनमध्ये बटाटे सोलून मुलाला इंजिनियर केलं, आणि मंडळाच्या गणपतीत कुणी मोदकांना तयार पीठ वापरलं तर चार जणींत सुनावायला कमी केलं नाही. अशी बाई नको म्हणाली की विषय संपला. पण यावेळी विषय संपत नव्हता, आणि बाईंना आता भांडायचाही कंटाळा आला होता.

दीनानाथ बेडवर गेले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्यात माणसाचा श्वास लागला की त्याला खाली घेतात. जमिनीवर चटई, तोंडात तुळशीचं पान, गंगेच्या पाण्याचा थेंब. खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. दीनानाथांना तेवढंही मिळालं नाही. हॉस्पिटलहून आणलेल्या लोखंडी बेडवर, समोरच्या खोलीत, सकाळी गेले. मोहननं ऐकलं नाही म्हणून ते राहिलं, असं साताऱ्याला सासरच्यांपर्यंत पोचलं होतं. खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, मायलेकांना, आणि दोघं त्यावर अक्षर बोलत नव्हते.

महिना संपायला आठवडा उरला तेव्हा कस्तुरीचा फोन आला. मोहनची मुलगी, केंब्रिजला जुनी थडगी उकरायचं शिकत होती. लीलावतीबाईंना ते कधीच पटलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं झुरळ मारवत नाही आणि मेलेल्या माणसांची हाडं पुसत बसते.

"आजी, तू ये ना एकदा. माझी बाई आता रेडी झालीये. तुला दाखवायचीये."

"कुठली बाई?"

"तेराशे वर्षं झाली तिला."

"मग माझ्यापेक्षा जरा मोठी," आजी म्हणाल्या, आणि शनिवारी जायचं ठरलं.

कस्तुरी न्यायला आली. पिनरहून किंग्ज क्रॉस, तिथून केंब्रिजची गाडी. वाटेत दोनदा लिफ्ट शोधावी लागली. गाडीत कस्तुरी सगळं सांगत होती. त्या वेळी इथे एक राज्य नव्हतं, पाच-सहा होती, आणि सगळी एकमेकांवर चालून जायची. वर मोठी साथ आली, गावंच्या गावं ओस पडली. त्यातच नवा धर्म आलेला. राजा बदलला की प्रजा बदलायची, तो मेला की परत जुने देव.

"एका राजाची गोष्ट आहे," ती म्हणाली. "त्यानं एकाच देवळात दोन वेदी ठेवल्या. एक नवीन देवाची, एक जुन्यांची."

"बायकोनं सांगितलं असेल."

कस्तुरी बघतच राहिली. "गोष्टीत तसंच आहे. तुला कसं माहीत?"

"मला बायका माहीत आहेत. घरातले जुने देव बाहेर काढायचे म्हटलं तर कोण काढू देईल? आणि मेलेल्या माणसाला जाळायचे की पुरायचे ते लोक?"

"आधी जाळायचे. माझ्या बाईच्या पणजीच्या वेळेपर्यंत. मग पुरायला लागले."

लीलावतीबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. नुसती सपाट शेतं. पणजीला जाळलं, पणतीला पुरलं, मधल्या बायकांनी काय काय ऐकून घेतलं असेल, देव जाणे.

युनिव्हर्सिटीतली ती खोली लांबट होती आणि थंड. टेबलावर काळं फोम पसरलेलं आणि त्यावर गंजलेले तुकडे मांडलेले, खिळे, पट्ट्या, वाकलेल्या कड्या. आधी काहीच कळेना. मग कस्तुरीनं हवेत बोट फिरवलं, इकडे डोकं, इकडे पाय, आणि लीलावतीबाईंना एकदम पलंग दिसला. लाकूड केव्हाच मातीत गेलं होतं, लोखंड तेवढं आपापल्या जागी होतं. शेजारच्या टेबलावर बाई, म्हणजे तिची हाडं. तपकिरी, नीट जुळवलेली.

"पलंगासकट पुरली?"

"हो. अशा थोड्याच सापडल्यात. गळ्यात छोटा क्रॉस होता, आणि कमरेच्या पिशवीत रानडुकराचा दात. दात जुन्या धर्मातला."

"दोन्हीकडे पाय ठेवून होती. शहाणी."

"आणि हे बघ." कस्तुरीनं मांडीचं हाड दाखवलं. हात लावू दिला नाही. "हे किती बारीक आहे बघ. वापरलं नाही की हाड असं होतं. ती कित्येक महिने उठलीच नव्हती. बेडमध्येच होती, आणि तोच बेड खाली नेला. आम्हाला वाटतं की तिला त्यांनी उचललंच नाही. जशी होती तशी..."

"जशी होती तशी," लीलावतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बसायला काही आहे का ते बघितलं. कस्तुरीनं स्टूल आणलं.

ती सकाळ बाईंनी दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. दीनानाथ रात्रभर कण्हत होते. कूस बदलायची तर दोन माणसं लागायची, आणि मग ते असे ओरडायचे की बाई न्हाणीघरात जाऊन नळ सोडायच्या. पहाटे नर्सनं औषध दिलं. सहाला त्यांचा डोळा लागला. आठ दिवसांत पहिल्यांदा कपाळावरची आठी गेली. साडेसातला श्वास तुटक झाला. मोहननं ओळखलं. तो म्हणाला, "आई, बाबांना खाली घेऊ या? मी चटई आणतो." आणि आई म्हणाली, "हात लावू नकोस त्यांना."

पाऊण तासात संपलं. त्यांना जमीन मिळाली नाही, म्हणून त्या रात्री बाईंनी ती स्वतः घेतली.

तेराव्याला साताऱ्याहून मालविकावन्संचा फोन आला, दीनानाथांची थोरली बहीण. त्यांनी पहिलंच विचारलं, "खाली घेतलं होतं ना त्याला?" आणि लीलावतीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मी म्हणत होते, वन्सं. मोहननं ऐकलं नाही. इथलीच मुलं ही." मोहन दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्यानं तांब्या ठेवला आणि तो बाहेर गेला.

"आजी, ठीक आहेस ना? पाणी देऊ?"

"त्या लोकांना कुणी नावं ठेवली असतील का गं? हिला उचललं नाही म्हणून?"

"माहीत नाही. तसं काही हाडात दिसत नाही."

"हाडात दिसत नाहीच," आजी म्हणाल्या. "फोन लाव. तुझ्या बापाला."

खाली चहाची जागा होती. फोन लागला तेव्हा मोहन कुठल्याशा दुकानात होता, मागे ट्रॉल्यांचा आवाज. बाईंनी प्रस्तावना केली नाही.

"तुझ्या बाबांना खाली घ्यायला मी नको म्हटलं होतं."

"हो," तो म्हणाला. "मी तिथेच होतो, आई."

"मग वन्संना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आई खोटं बोलतेय म्हणू?"

"म्हणायचंस."

"आई, मी लाइनमध्ये उभा आहे. घरी गेल्यावर करू?" आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यानं फोन ठेवला.

लीलावतीबाईंनी ओचा सारखा केला आणि साताऱ्याला लावायला सांगितलं. तिकडे रात्र झाली होती. वन्संना कमी ऐकू यायचं, त्यामुळे बाईंना सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, आणि शेजारच्या टेबलावरचे दोघं मान वळवून बघू लागले. मराठीत होतं म्हणून बरं. आवाज ऐकू गेला असेल, लाज ऐकू गेली नसेल.

"म्हणजे तू नको म्हणालीस," वन्सं म्हणाल्या.

"मी."

"आणि मी दोन वर्षं त्या पोराशी धड बोलले नाही. गेल्या दिवाळीत आला होता, जेवायला वाढलं, बस म्हटलं नाही. उभ्यानं पाणी पिऊन गेला. का केलंस तू असं, लीला?"

"त्यांना झोप लागली होती, वन्सं."

"ते नाही विचारत. पोराच्या नावावर का घातलंस?"

"तुम्हाला भ्याले," लीलावतीबाई म्हणाल्या.

"मला भ्यालीस," वन्सं म्हणाल्या. "बरं. ठेव आता. मला त्याचा नंबर शोधू दे."

फोन बंद झाला. कस्तुरी समोरच होती. बरंच समजलं नसेल, पण जेवढं समजलं तेवढं पुरे होतं. चहा गार झाला होता, तो लीलावतीबाई तसाच प्यायल्या.

"बाबांना सांग, बेड मागव म्हणावं. कौन्सिलच्या बाईनं लिहिलीये तेवढ्या उंचीचा."

"नक्की?"

"परत विचारू नकोस, नाहीतर नको म्हणेन."

कस्तुरीनं मेसेज केला. मग घड्याळ बघून म्हणाली, "आजी, चार पंधराची गाडी मिळेल. निघायचं?"

"पुढची घेऊ," लीलावतीबाई म्हणाल्या, आणि चपलेतून पाय काढून खुर्चीवर मागे रेलल्या. "मला जरा बसू दे."