आखाड्यावरचा रविवार

सरजाबाईनं अमृतरावाचं सोयाबीन कापायला गुत्त्यानं, म्हणजे ठरीव रकमेच्या ठेक्यानं घेतलं, हे मला पिठाच्या गिरणीवर कळलं. मी दळण तिथंच टाकलं आणि तरातरा तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती उंबऱ्यात बसून विळ्याला कानस मारत होती.

"खरं हाय का गं?" मी विचारलं.

"काय?"

"अमृतरावाचं रान घेतलंस म्हनं."

"हाव. घेतलं." तिनं मान वर केली नाही.

"लाज न्हाई वाटली? तुज्या सासूला मेल्यावर पावसात भिजवलं त्या बाबानं."

"तू मलाच सांगून राहिलीस व्हय ते?"

"मग कापायला कशाला चाललीस त्याचं? राहू दे की उभं. वाळून फुटू दे शेंगा!"

"नीला, परवा सकाळी जायचं हाय. बायांना सांग. कुनी कुरकुर केली तर माझ्याकडं धाड."

मी तिथंच तिला बोलून घेतलं. तुमच्या येशूनं एका गालात बसली की दुसरा पुढं करायला सांगितलंय, आमच्या बाबासाहेबांनी तसलं काही सांगितलेलं नाही, असंही म्हणाले. आमची कापणीची टोळी म्हणजे तशी सरमिसळ, सरजाबाई तिची मुकादम. सरजाबाईच्या भावकीतल्या चार-सहा ख्रिस्ती, आम्ही बौद्धवाड्यातल्या, आणि दोघी-तिघी तांड्यावरच्या. देवाधर्मावरून आमच्यात कधी वाजलं नव्हतं, ते त्या दिवशी वाजलं. सरजाबाई ऐकत राहिली आणि कानस मारत राहिली. शेवटी मीच दमले आणि दळण आणायला परत गेले.

आमचं गाव देगलूरकडून आत, तेलंगणाच्या शिवेला चिकटलेलं. इथं पावसाळ्यात एसटी येत नाही आणि उन्हाळ्यात पाणी येत नाही. पण सरजाबाईची सासू नागुबाई लग्न होऊन आली तेव्हा येताना येशूला घेऊन आली होती. तिचं माहेर पलीकडचं, गाणी सगळी तेलुगूतली. ती म्हणायची आणि बाकीच्या मागं गुणगुणायच्या, अर्थ कळो न कळो. ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाकाला बसताना तांदळाची किंवा ज्वारीची एक मूठ देवासाठी बाजूला काढतात. त्या मुठी साठवून, विकून, कितीक वर्षांनी नागुबाईनं गावाबाहेरच्या गायरानात प्रार्थनेपुरतं पत्र्याचं शेड उभं केलं. एका पत्र्यावर आतून लाल रंगानं क्रूस काढला. क्रूस थोडा वाकडा आला होता.

माझा नवरा कावीळ होऊन पडला होता तेव्हा ती रोज येऊन त्याच्या उशाशी बसायची आणि डोळे मिटून पुटपुटायची. मी तिला स्पष्ट सांगितलं, "नागूमावशी, माझा ह्याच्यावर इश्वास न्हाई." तर म्हणाली, "तू नको ठेवू. मी ठिवते, दोघींचं भागंल." अशी बाई.

गेल्या पावसाळ्यात अमृतरावानं ट्रॅक्टर लावून ते शेड पाडलं. गायरानावरचं अतिक्रमण आहे म्हणे. त्याच गायरानात त्याच्या स्वतःच्या कडब्याची गंज उभी होती, ती त्याला दिसली नाही. पंचायत त्याच्या खिशात, त्यामुळं कुणी ब्र काढला नाही. पत्रे जप्त केले असं सांगितलं आणि आठवडा उलटायच्या आत ते त्याच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यावर, म्हशींच्या डोक्यावर चढले.

नागुबाईनं त्याचा घोर घेतला आणि श्रावणातच गेली. पास्टरनं शेडच्या उघड्या जोत्यावरच मयताची पेटी ठेवून प्रार्थना केली. पाऊस असा लागला होता की पेटीत पाणी साचायला लागलं. सरजाबाई युरियाच्या पोत्याची खोळ दोन्ही हातांनी सासूच्या तोंडावर धरून शेवटपर्यंत उभी होती. तिथून अमृतरावाचा आखाडा दिसतो. त्याच्या म्हशी कोरड्या जागेत रवंथ करत होत्या. सरजाबाई त्या म्हशींकडं बघत होती, आणि मी सरजाबाईकडं.

आता पास्टर शिवप्रसाद हा माणूस फार चांगला. देगलूरहून मोटरसायकलवर चिखल तुडवत येतो, कुणाच्याही घरची भाकरी खातो. पण चांगल्या माणसाला कुठं काय बोलावं ते कळत नाही. त्यानं अमृतरावाला पारावर गाठून सगळ्यांदेखत सांगितलं, "आम्ही तुम्हाला मनापासून क्षमा केली." अमृतरावाला वाटलं मिटलं. तो हॉटेलात चहा पिताना सांगायचा, "किरिस्तावाचं लई बरं असतंय बघा. त्यायला राग धरताच येत न्हाई. त्यायच्या पुस्तकातच तसं लिहून हाय." आणि म्हणूनच ह्या साली सोयाबीन काढायला त्यानं खुशाल सरजाबाईला बोलावणं धाडलं. रान ओलं होतं, कापणीचं मशीन काळ्या मातीत फसत होतं, बाकीच्या टोळ्या कापसाला तेलंगणात गेलेल्या. त्याला दुसरं कोणी मिळणारही नव्हतं.

बुधवारी आम्ही रानात उतरलो. पीक म्हणावं तर नजर लागेल असं. शेंगा झुपक्यानं लागलेल्या, दाणा टपोरा. सरजाबाई सगळ्यांच्या पुढं. ती कधी मान वर करत नव्हती आणि कुणाला करू देत नव्हती. अमृतराव बांधाच्या धुऱ्यावर छत्री टेकून उभा राहायचा.

"सरजाबाई, लई जोर हाय गं तुज्या टोळीला!"

"मालक, काम गुत्त्याचं हाय. उरकलं म्हंजी बरं."

"तेवढं बनीम लागूस्तोवर आभाळानं दम खाल्ला की झालं."

कापलेलं सोयाबीन रानात काड म्हणून पसरलेलं असतं. ते गोळा करून एका जागी त्याची बनीम रचली आणि वर ताडपत्री ओढली की शेतकरी निर्धास्त. तोवर मात्र त्याचा जीव आभाळाला टांगलेला. आणि आमच्याकडं एक रीत आहे. ज्या टोळीनं रानात पहिला विळा घातला, त्याच टोळीनं बनीम लावायची. मधेच दुसरी टोळी त्या रानात शिरत नाही, दुप्पट दिले तरी शिरत नाही.

शनिवारी दिवस कलायला शेवटची ओळ कापून झाली. सगळं रान आडवं झालं. बनीम उद्या लावायची ठरलेली. अमृतराव आखाड्याकडं वळल्यावर सरजाबाईनं आम्हाला धुऱ्यावर बसवलं आणि पहिल्यांदाच चार दिवसांत सरळ आमच्या तोंडाकडं बघितलं.

"उद्या रविवार हाय. उद्या मी हात लावनार न्हाई. आमचा इसाव्याचा दिस हाय."

तांड्यावरची एक म्हणाली, "अगं, पन काढनीत तू दर साली रविवारचं येतीस की. सकाळी परार्थना, मग काम."

"ह्या साली न्हाई."

"उद्या पाऊस सांगितलाय."

"ठावं हाय मला."

तेव्हा कुठं आम्हाला समजलं. मी भ्याले की हरखले हे आजही सांगता येणार नाही.

"त्यो मजुरी देनार न्हाई," सरजाबाई म्हणाली. "चार दिसांचा घाम वाया जाईल. माझा जाईल, तुमचाबी जाईल. जिला जमनार न्हाई तिनं आत्ता सांगावं. तिच्या वाटची मजुरी मी फेडीन, मागंपुढं का व्हईना."

दिवाळी तोंडावर होती. माझ्या पोराला शाळेचा बूट नव्हता. तरी मीच आधी बोलले. "नागूमावशीच्या नावानं गेली म्हन," मी म्हटलं. एकेकीनं मान हलवली. तांड्यावरच्या एकीनं जरा वेळ लावला, पण हलवली.

रविवारी सकाळी आम्ही सगळ्या आखाड्यावर गेलो. धुतलेली लुगडी, डोक्यावर पदर, हातात विळा नाही. अमृतरावानं खुशीत येऊन चहाची किटली पाठवली.

"चहा ऱ्हाऊ द्या, मालक," सरजाबाई म्हणाली. "आधी आमची परार्थना हाय."

"करा की. जरा लवकर आटपा म्हंजी झालं."

ती सरळ म्हशींच्या छपरात शिरली. एका म्हशीला थोपटून बाजूला सारलं, पोती अंथरली आणि बसली. आम्ही मागं बसलो. वर बघितलं तर तो लाल, वाकडा क्रूस तिथंच, उलटा लागलेला. अमृतरावानं तो पुसायचीही तसदी घेतली नव्हती.

सरजाबाईनं डोळे मिटले आणि सुरू केलं. आधी सासूची तेलुगू गाणी, जेवढी येत होती तेवढी. मग गावातल्या एकेका आजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना. मग गाभण शेळ्यांसाठी. मग परगावी दिलेल्या लेकींसाठी, एकेकीचं सासर सांगून. तेलंगणाच्या बाजूनं आभाळ काळं होत चाललं होतं. अमृतराव आधी बाजेवर बसला होता, मग उभा राहिला, मग येरझाऱ्या घालायला लागला.

"सरजाबाई, अजून किती हाय?"

तिनं डोळे उघडले नाहीत. "आनि परमेसरा, जी मानसं परार्थनेत मधीच बोलत्यात, त्यायच्याबी जिवाला शांती दे."

मी पदर तोंडात कोंबला.

शेवटी त्यानं पास्टरला फोन लावला. पास्टर पोचले तोवर वारा सुटला होता. त्यांनी एका नजरेत रान बघितलं, आम्हाला बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. ते सरजाबाईजवळ येऊन वाकले.

"सरजाबाई, उठा. प्रभूनंच सांगितलंय, बैल खड्ड्यात पडला तर विसाव्याच्या दिवशीसुद्धा त्याला वर काढावं."

"बैल असता तर काडला असता, पास्टरसाब," सरजाबाई म्हणाली. "ह्यो अमृतराव हाय."

पास्टर सरळ होऊन बाजूला झाले. अमृतराव मात्र आता रडकुंडीला आला होता. छत्री टाकून तो छपराच्या तोंडाशी आला.

"काय पाहिजे तुला? मजुरी वाढवून देतो. बोल, काय पाहिजे?"

"आमचे पत्रे."

"घ्या! न्या! ह्या घडीला न्या!"

त्यानं सालगड्याला वर चढवलं, आणि घाई एवढी की मागोमाग स्वतःही धोतर खोचून चढला. सारं गाव ज्याला वाकून रामराम करतं तो बाप्या वाऱ्यात छपरावर उकिडवा बसून नटबोल्ट पिळत होता. आम्ही खाली उभं राहून एकेक पत्रा झेलत होतो. खोटं कशाला बोलू, मला एवढं बरं आयुष्यात थोड्याच वेळा वाटलं आहे. शेवटचा पत्रा उतरला तेव्हा म्हशी उघड्यावर उभ्या होत्या आणि वर बघत होत्या.

अमृतराव धापा टाकत खाली आला. "चला आता. बनीमीला लागा बिगीबिगी."

"आज रविवार हाय, मालक. उद्या येतो."

"अगं, पत्रे दिले की तुमाला!"

"आमचे व्हते, आमाला दिले. त्याच्या बदल्यात काम कसलं?"

तो पास्टरकडं वळला. "तुमी तर म्हनला व्हता क्षमा केली!"

"त्यायनी केली आसंल," सरजाबाई म्हणाली. "पोतं मी धरून उबी व्हते."

दोघी-दोघींत एक असे पत्रे डोक्यावर घेऊन आम्ही निघालो. पास्टर मोटरसायकल ढकलत मागून येत होते. अर्ध्या वाटेत पाऊस आला. पत्र्यांवर असा काही वाजायला लागला की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. मागं वळून बघितलं तर अमृतराव, त्याची बायको आणि सालगडी कवळ्यानं काड उचलून धावत होते, आणि जेवढं उचलत होते त्याच्या कितीतरी पट भिजत होतं. सरजाबाईही थांबून बघत होती.

"दाना लई चांगला भरला व्हता," ती म्हणाली.

ते मलाही टोचलं. पीक कुणाचंही असो, कापलेल्या हाताला ते कुजताना बघवत नाही. पण आम्ही माघारी फिरलो नाही.

पाऊस सलग लागला. रानातल्या रानात शेंगांना मोड आले, पांढरे-पांढरे, आणि मग वास सुटला. अमृतरावानं मजुरीची दमडी दिली नाही, उलट पारावर उभं राहून आम्हाला यथेच्छ शिव्या घातल्या. माझ्या पोरानं चप्पल घालूनच शाळा केली.

पुढच्या रविवारी सरजाबाईच्या वावराच्या कोपऱ्यात शेड उभं राहिलं. मी पत्रे धरायला गेले होते आणि भुरभुर लागली म्हणून तिथंच थांबले. पास्टरनी क्षमेवर बोलायला घेतलं. बोलता बोलता त्यांचा आवाज जड झाला.

"सरजाबाई, सूड घेणं देवाचं काम आहे, आपलं नाही. तुम्ही ते त्याच्या हातातून ओढून घेतलंत. आज सगळ्यांसमोर देवाची माफी मागा."

ती उठून उभी राहिली. हात जोडलेले.

"मागंन, पास्टरसाब. पाप हाय, ठावं हाय मला. पन आज न्हाई मागत. आज मागितली तर खोटी व्हईल."

"मग कधी मागाल?"

"अजून लई गोड लागून राहिलंय," ती म्हणाली. "गोडी उतरली की मागंन."

आणि खाली बसून तिनं डोळे मिटले. पास्टरनी हातातलं पुस्तक मिटलं. कुठूनतरी एक बाई हळूच 'आमेन' म्हणाली, मग दुसरी म्हणाली, मग सगळ्याच म्हणाल्या. मीपण म्हटलं.