मामीची मनीमाऊ आणि मोठे डॉक्टर

मोठ्या डॉक्टरांचा शब्द म्हणजे त्या दवाखान्यात काळ्या दगडावरची रेघ. फाटलेल्या टाळूच्या शेकडो शस्त्रक्रिया त्यांनी केल्या होत्या. पण शिवलेलं पोर पुढे बोलतं कसं, हे ऐकायला त्यांना उभ्या जन्मात सवड झाली नव्हती. ते काम स्पीच थेरपिस्ट बाईंचं, जिन्याखालच्या खोलीत.

एके दिवशी ते शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन तिथे अवतरले. खुर्चीत सात वर्षांची मुलगी होती. टाळू वर्षापूर्वीच शिवलेली, तरी बोलताना नाकातून फुसफुस येते म्हणून आईनं आणलेली. डॉक्टरांनी बाईंचा छोटा आरसा उचलून तिच्या नाकाखाली धरला.

"म्हण, मामीनं मला मनीमाऊ आणून दिली."

मुलीनं म्हटलं. आरसा धुरकटला.

"पाहिलंत? हवा नाकातून निसटते. टाळू तोकडी पडतेय. पुन्हा ऑपरेशन!"

शिकाऊंनी माना डोलावल्या. आई पांढरीफटक पडली. बाईंपुढे पेच पडला. बोलावं तर नोकरीवर गदा, गप्प बसावं तर पोरीवर सुरी.

"सर, तेच वाक्य आपण म्हणता? पोरीची भीती मोडेल."

सर कौतुकाचे भुकेले. बाईंनी आरसा पुसून त्यांच्या नाकाखाली धरला. सरांनी खर्जात मामी लावली, आणि आरशात त्यांची मिशीसुद्धा दिसेना.

"अगं बाई! मग यांचंही ऑपरेशन?" आईच्या तोंडून निघून गेलं.

"म आणि न सगळ्यांच्याच नाकातून जातात," बाई म्हणाल्या. "तपासायचं ते प, ट, क, स म्हणायला लावून."

मुलगी म्हणाली, "पप्पा पोपटाला पपई देतात." आरसा लख्ख. "काका, कपाट उघडा." लख्ख. फक्त "स स स" म्हणताना धुकं आलं.

"टाळू नाकाची वाट नीट बंद करते," बाई म्हणाल्या. " एकट्या स-ला हिनं नाकातून सोडलंय. सवय आहे ती. सुरी नको, सराव हवा."

डॉक्टर खाकरले. "हेच मी पाहत होतो, तुमच्यापैकी कुणाला चूक सापडते का!"

शिकाऊंनी तितक्याच उत्साहानं पुन्हा माना डोलावल्या.

सराव सुरू झाला. नाक चिमटीत धरायचं, त म्हणता म्हणता तो लांबवून त्याचा स करायचा, मग हळूच चिमटी सोडायची. पोरगी रडली, रुसली, दोनदा आरसा आपटला. आठव्या आठवड्यात ती आत आली, बाक अडवून बसलेल्या आईकडे पाहिलं आणि खणखणीत म्हणाली, "सरक ना!"

आई सरकली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.