हिवाळ्यातला फोटो

माझा राग वाईट आहे. आई म्हणते, ही पोरगी पोटातूनच भांडत आली. पण हा राग उगाचचा नाही, आणि तो थंड व्हायच्या आत मला सगळं सांगून टाकायचं आहे.

मी जुन्या पोथ्या आणि पुस्तकं दुरुस्त करते. भंडाऱ्यात आमच्या घराच्या मागच्या खोलीत पूर्वी बाबांचा माग होता, तिथं आता माझं टेबल आहे. वाळवीनं खाल्लेली पानं, पुरात भिजलेल्या वह्या, शाईनं जळलेले कागद, असलं सगळं माझ्याकडे येतं. हे काम करणारे विदर्भात आम्ही मोजकेच, म्हणून आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याच्या नावाखाली लिहिलेलं आहे, 'अनुभवांची देवाणघेवाण'. प्रत्यक्षात तिथं एकच गोष्ट चालते. कामाआधीचा फोटो, कामानंतरचा फोटो, आणि खाली ओळीनं 'अप्रतिम, सर'.

हे सर म्हणजे आमचे सर. ग्रुपवर त्यांचं नाव कोणी लिहीत नाही, नुसतं सर म्हटलं की झालं. आमच्यातल्या अर्ध्याअधिकांना त्यांनीच शिकवलं आहे, मलाही. पान कसं उचलायचं, ब्रश कसा धरायचा, सगळं त्यांचं. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलेला पहिला नियमही त्यांचाच, की पोथीला जे काही लावाल ते उद्या दुसऱ्या कोणाला काढता आलं पाहिजे. मी हे मानत आले, म्हणून तर जास्त चीड येते.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात सरांनी करडीच्या पोथीचा फोटो टाकला. करडी आमच्या मोहाडी तालुक्यातलं धानाचं गाव. तिथं मारुतीच्या देवळात श्रावणभर रामकथेची हातानं लिहिलेली पोथी वाचतात. दोन गठ्ठे आहेत, पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा. सरांनी पहिला गठ्ठा नेला, त्यांच्या एसी प्रयोगशाळेत प्रत्येक पानावर त्यांचं ते पारदर्शक द्रावण फवारलं, आणि भुसभुशीत पानं कडक, चकचकीत झाली. फोटो सुंदर होता. खाली अप्रतिमची रांग लागली आणि त्या रांगेत मीही होते.

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी करडीचे लक्ष्मणराव माझ्याकडे आले. पोथी त्यांच्याच घरी असते, वाचतातही तेच. शांत माणूस, पाणीसुद्धा दोनदा विचारल्यावर पितात. त्यांनी दुपट्ट्यात बांधलेली पोथी टेबलावर ठेवली आणि गाठ सोडली. मी हात लावला. पोथी नव्हतीच ती, वीट होती. सगळी पानं एकमेकांना चिकटलेली. एक कोपरा सोडवायला गेले तर खालच्या पानावरची अक्षरं वरच्या पानाला चिकटून आली. मी हात काढून घेतला.

काय झालं ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल. टिनाचं छप्पर, त्याखाली लोखंडी पेटी, पेटीत पोथी. ते द्रावण गरमीत मऊ पडतं आणि पान पानाला धरतं. पाऊस पडून गारवा आला की तसंच घट्ट बसतं. सरांचा फोटो हिवाळ्यातला होता. कामानंतरचा म्हणून आम्ही जो फोटो काढतो तो काम संपल्याच्या दिवशी काढतो, आणि फाईल बंद करतो. त्यानंतरचा उन्हाळा पाहायला कोणी जात नाही.

लक्ष्मणरावांना पहिल्या गठ्ठ्यापेक्षा दुसऱ्याची काळजी होती. येत्या रविवारी भंडाऱ्यात आमच्या मंडळींची वार्षिक बैठक होती आणि तिथंच, शाल-नारळ देऊन, गाव दुसरा गठ्ठा सरांच्या हाती देणार होतं. देवळाच्या कमिटीचं ठरलं होतं. लक्ष्मणरावांनी चिकटलेली पोथी दाखवली तर कमिटी म्हणाली, येवढा मोठा साहेब चुकेल काय, तुम्हीच कुठं ओलीत ठेवली असेल.

"मी एकटा बोललो तं कोणी आयकत नाही जी," ते म्हणाले. "तुमच्यातला एखादा जानकार चार लोकात बोलला का ह्या दवाईनं पानं चिपकतात, तं गाव आयकते. येवढं करा."

मी हो म्हटलं. मला ते अगदी सोपं वाटलं.

आधी सरांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठेवणीचा दोष आहे, लोखंडी पेटीत ठेवायला कोणी सांगितलं होतं. करडीत सागवानी कपाटात एसी लावून पोथ्या ठेवतात अशी त्यांची समजूत असावी. वर म्हणाले, मोनिका, असलं ग्रुपवर नको, नवीन मुलांचा विश्वास उडतो.

मी लगेच ग्रुपवर टाकलं. विटेचे फोटो, कोपऱ्याचा फोटो, आणि एक साधा प्रश्न, आणखी कोणाकडे असं झालंय का. दुपारपर्यंत एक अक्षर नाही. मग कोणीतरी गुलाबाच्या फुलावर 'शुभ दुपार' टाकलं, त्याखाली एका सेमिनारची पत्रिका आली, आणि माझी वीट वर सरकत दिसेनाशी झाली.

पण माझ्या स्वतःच्या फोनवर मेसेज यायला लागले. ग्रुपमधल्याच मनिषनं लिहिलं, बरोबर आहे तुझं, पण असं उघड नको होतं. आणखी एकानं नुसता अंगठा पाठवला, तोही खाजगीत. संध्याकाळी रुपाचा फोन आला. रुपा माझ्याबरोबर शिकलेली, माझी मैत्रीण, गोंदियात काम करते. ती हळू आवाजात म्हणाली की तिच्याकडे अगदी असंच झालं होतं. एका देवस्थानाची पोथी, तेच द्रावण, मे महिन्यात सगळी चिकटली. तिनं ती तशीच बांधून कपाटात ठेवून दिली आहे.

मी विचारलं, कोणत्या मे महिन्यात. तिनं सांगितलं आणि माझं डोकं भणाणलं. करडीची पोथी सरांकडे गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. म्हणजे या बाईनं तेव्हा ग्रुपवर एक ओळ लिहिली असती तर लक्ष्मणरावांची पोथी आज धड असती.

"काहून नाही सांगितलं तू?"

"अगं, सर रिटायर होऊन राहिले होते ना तेव्हा," रुपा म्हणाली. "त्यांले वाईट वाटलं असतं."

मी फोन ठेवला. आणखी बोलले असते तर मैत्री तिथंच संपली असती.

आमच्या घरी एक रीत होती. बाबा मागावर बसलेले असताना ताण्यातली तार, म्हणजे उभा धागा, तुटलेली ज्याला दिसेल त्यानं जागेवरूनच ओरडायचं, तार तुटली. मग तो घरचा असो, पाहुणा असो, दूधवाला असो. बाबांचा मान, बाबांचं वय, हे तेव्हा कोणी बघायचं नाही. कारण गप्प राहिलं आणि बाबा पुढं विणत गेले तर ती रेघ साडीच्या टोकापर्यंत जायची. एकदा एका व्याह्यानं लाजेकाजेनं सांगितलं नाही, तर बाबांनी त्याला जेवताना ऐकवलं होतं, मान ठेवला अन् माल घालवला.

रविवारी मंगल कार्यालयात बैठक भरली. आधी पोहे-चहा, मग हार. करडीची माणसं पहिल्या रांगेत बसली होती. कमिटीचे अध्यक्ष, चार गावकरी, लक्ष्मणराव आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको कुंताबाई. दुसरा गठ्ठा लाल कापडात बांधून लक्ष्मणरावांनी मांडीवर धरला होता. सरांनी भाषण केलं आणि पडद्यावर करडीच्या पोथीचा तोच हिवाळ्यातला फोटो लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंताबाईंनीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

मी उठले. पिशवीतून वीट काढून सरांच्या समोर टेबलावर ठेवली आणि सांगितलं, ही ती फोटोतली पोथी.

"सर, तुम्ही शिकवलं होतं, लावलेलं काढता आलं पाहिजे. यातलं एक पान सोडवून दाखवा."

सरांनी पोथीकडे पाहिलं. तेवढ्या वेळापुरते ते मला माझे सर वाटले, कारण त्यांनी अंगठ्यानं कड चाचपली आणि त्यांना कळलं. मला खात्री आहे, त्यांना कळलं. मग त्यांनी हात मागे घेतला, चष्मा काढला आणि सभेला समजावून सांगितलं की हे काम प्रयोगशाळेतच करता येतं, इथं नाही. आणि पोथी तापलेल्या लोखंडी पेटीत ठेवली तर जगातलं कोणतंही रसायन टिकणार नाही. उपचार योग्यच होता, ठेवण चुकली. हे सगळं अगदी गोड आवाजात. माझा आवाज चढलेला होता, त्यामुळे सभेला खोटं कोण वाटलं असेल ते सांगायला नको.

मी सभेकडे वळले आणि विचारलं, हे द्रावण वापरून आणखी कोणाच्या पोथ्या चिकटल्या आहेत, त्यांनी हात वर करा. एकही हात वर आला नाही. मनिष मोबाईल बघत होता. ज्यानं अंगठा पाठवला होता तो पाणी प्यायला बाहेर गेला.

"रुपा, तू सांग," मी म्हटलं.

रुपा उभी राहिली. साडीचा पदर सारखा केला. सरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "माझ्याकडे जरा झालं होतं तसं, पण त्याचं कारण वेगळं असू शकतं." आणि बसली.

मी अनेक भांडणं केली आहेत, हरलेही आहे. पण इतक्या सभ्य माणसांनी इतक्या सभ्यपणे मला कधी हरवलं नव्हतं. कोणीतरी मागून म्हणालं, बसा ताई, हा व्यक्तिगत विषय आहे.

कमिटीच्या अध्यक्षांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. गावचा माणूस, त्याला एवढंच दिसलं की शिकलेल्या माणसांची खोली भरलेली आहे आणि बोलणारी बाई एकटी आहे. त्यांनी लक्ष्मणरावांच्या मांडीवरून लाल गठ्ठा उचलला आणि सरांच्या हातात दिला. फोटो निघाले. आणि सगळ्यात वाईट ते त्यानंतर झालं. लक्ष्मणराव उठले, सरांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा साहेब, चूक आमचीच हाये. आमच्या घरावर टिनं तपतात."

सर मोठ्या मनानं म्हणाले, असू द्या. त्यांनी खरंच माफ केलं त्यांना. त्या क्षणी मला ते टेबल उलटं करावंसं वाटलं. मी वीट पिशवीत भरली आणि घरी आले.

त्या श्रावणात करडीला पोथी झाली नाही. लक्ष्मणरावांना जेवढं पाठ होतं तेवढं त्यांनी म्हटलं, पुढं भजनं झाली.

मला ग्रुपमधून काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं. मी काही लिहिलं तर त्याला उत्तर येत नाही, एवढंच. हिवाळ्यात सरांनी दुसऱ्या गठ्ठ्याचा फोटो टाकला, कडक, चकचकीत पानं. पहिलं 'अप्रतिम, सर' रुपाचं होतं. मी खाली लिहिलं, मे महिन्यात हाच फोटो पुन्हा टाका. त्यावर एक गुलाब आला.

होळी झाली आणि लक्ष्मणरावांचा फोन आला. पोथी परत आली आहे, चांगली दिसते, पण आता ती कुठं ठेवावी ते समजत नाही. देवळावरही टिनं आहेत. धानाच्या कोठीत ठेवावी का, विहिरीजवळच्या खोलीत ठेवावी का, असं ते विचारत होते. आपल्याच घराला भ्यायले होते.

दुसऱ्या दिवशी मी करडीला गेले. कशालाच न चिकटणारा गुळगुळीत कागद मिळतो, तो पोथीच्या मापात कापून नेला होता. कुंताबाईंनी ओसरी सारवून ठेवली होती. मी आणि लक्ष्मणराव समोरासमोर बसलो आणि प्रत्येक दोन पानांत एक कागद घालत गेलो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की याची हमी नाही, वाचेल असं वाटतं, एवढंच. ते मान हलवून पानं देत राहिले. अर्ध्याच्या वर काम झाल्यावर ते थांबले.

"मॅडम जी, थ्या दिवशी तुमी ज्या बाईले उभं केलं होतं, त्याहिले हे पह्यलेपासून मालूम होतं काय?"

मी म्हटलं, होतं. तुमची पहिली पोथी जायच्या आधीपासून.

"मंग थ्या काहून नाही बोलल्या?"

रुपानं जे कारण दिलं होतं तेच सांगितलं. सरांना वाईट वाटलं असतं म्हणून.

लक्ष्मणरावांनी पुढचं पान दोन्ही हातांनी उचललं, माझ्यासमोर धरलं आणि कागद घालायची वाट पाहत म्हणाले, "अन् आमाले?"